फिनलंडवाल्याची न वाजलेली चाल

आमच्या बँडनं सगळ्यात जास्त जीव टाकून बसवलेली चाल आम्ही लोकांसमोर एकदाही वाजवलेली नाही. वाजवायची वेळ आली नव्हती असं नाही. क्लॅरनेट माझ्या हातात होती, नवरी मांडवाच्या कमानीत उभी होती आणि अख्खं गाव आमच्या तोंडाकडं बघत होतं. त्या संध्याकाळचंच लिहितोय. ज्यांच्या घरची गोष्ट आहे त्यांना विचारून लिहितोय. नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणार नाही, जानेफळच्या आसपासचं समजा.

मी मूळचा सांगोल्याकडचा. सातवीत शाळा सुटली, वडलांची क्लॅरनेट हातात आली. एका बँडबरोबर लग्नसराईपुरता मलकापूरला आलो आणि सराई संपायच्या आधीच तो बँड मोडला. गाडी येईल ती धरायची म्हणून स्टेशनवर पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारी एक पांढऱ्या मिशांचा माणूस येऊन बसला.

"काय हाय बे पेटीत?"

"क्लॅरनेट."

"वाजव."

"इथं?"

"मंग काय मुंबईले जाऊन वाजवशीन?"

मी वाजवली. मालगाडी जात होती, तिच्या खडखडाटात निम्मं बुडालं. तो माणूस शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "जेवला काय?" हे आमचे शेषराव मास्तर. त्या दिवशी त्यांच्या घरी जेवलो, तो आजतागायत त्यांच्याच बँडमध्ये आहे. आईला फोन केला की ती म्हणते, तू वऱ्हाडी बोलाय लागलास. आणि इथं मी तोंड उघडलं की लोक विचारतात, तुमी तिकडचे काय?

बाहेरच्यांना बँडचं काम म्हणजे रंगीत कोट घालून धिंगाणा वाटतो. त्यात काय असतं ते थोडं सांगतो. आम्हाला कागदावरचे सूर वाचता येत नाहीत. चाल कानानं घ्यायची, तोंडानं गुणगुणायची, मग वाद्यावर बसवायची. क्लॅरनेट पुढं चालते, ट्रम्पेट तिला उचलतं, युफोनियम खालून आधार देतं, आणि साईड ड्रम सगळ्यांना हाकत नेतो. आमचा साईड ड्रमवाला सलीम. हात जितका चालतो त्याच्यापेक्षा तोंड जास्त चालतं. आणि एक नियम सगळ्यांच्या वर: नवरदेव किंवा नवरी पाऊल टाकत असेल तोवर बँड थांबता कामा नये. मुक्यानं नेतात ते फक्त मयताला. नवा पोरगा बँडमध्ये आला की मास्तर त्याला आधी हे सांगतात, सूर नंतर.

आता फिनलंडवाल्याकडं येतो.

तो जिवंत माणूस आहे. चाळिशी ओलांडलेला असेल, राखाडी स्वेटर घालून पियानोपुढं बसतो, मागं खिडकीत बर्फ. तिकडच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी संगीत लिहितो, लोक तिकीट काढून चिडीचूप बसून ऐकतात म्हणे. त्याचं नाव माझ्या जिभेला वळत नाही. पण त्याची एक चाल आहे, पियानो आणि मागं व्हायोलिनं, ती तुम्ही नक्की ऐकलेली आहे. कुणाचं बाळ पहिल्यांदा उभं राहिलं, कुणाचा कुत्रा हरवून सापडला, फौजी सुट्टीवर घरी आला आणि आईनं दार उघडलं, अशा सगळ्या व्हिडिओंच्या मागं तीच असते. आमच्याकडं ती कापसाच्या वेचणीवर लागली, लोणारच्या सरोवरावर लागली, एका बैलाच्या वाढदिवसावर लागली. ही एका माणसानं बनवलेली आहे हे कुणाच्या गावी नाही. सलीम तर म्हणायचा, "ते मोबाईलमंदीच येते बे, कंपनीचं हाय."

मला मात्र त्या चालीनं धरलं. पावसाळ्यात काम नसतं, घर लांब, खोलीत एकट्यानं पडून मी ती ऐकायचो. शोधत शोधत त्या माणसापर्यंत पोचलो. त्याच्या एका व्हिडिओखाली मराठी अक्षरं येतील असं करून बघितलं. मोडकीतोडकी अक्षरं आली, पण कळलं. त्यानं ती चाल आपल्या लहान मुलीच्या चालण्यावर बांधली होती. पोरगी पहिल्यांदा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मध्ये थांबली, मग पुन्हा निघाली. म्हणून चालीच्या मध्यात एक थांबा आहे. सगळी वाद्यं गप्प. ऐकणाऱ्याला वाटतं संपलं, आणि मग ती परत पाऊल टाकते.

एका दुपारी जिनिंगच्या मोकळ्या शेडमध्ये मी ती क्लॅरनेटवर वाजवली. कापूस नसला की त्या शेडमध्ये आवाज असा घुमतो की आपलंच वाजवणं आपल्याला परकं वाटतं. सलीमनं मोबाईल धरला आणि त्या फिनलंडवाल्याच्या नावाची खूण लावून व्हिडिओ टाकून दिला. बस. त्याचं नाव शोधणाऱ्या लोकांसमोर आमची शेड जायला लागली. कुठल्या कुठल्या देशांतून बदाम आणि टाळ्या. माझ्या मळक्या बनियनवर जपानी अक्षरांत कुणी काय लिहिलं ते अजून मला माहीत नाही. मी घाबरून सलीमला म्हणालो, काढून टाक. तो म्हणाला, "काऊन? तू काय चोरी करून राह्यला का?"

मग फोन सुरू झाले. "ते शेडवालं वाजवणारे तुमीच काय?" सोनाळ्याहून एकानं विचारलं, "आमच्या बुढ्याची तेरवी हाय, तथी वाजवसान काय?" आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत. "लग्नाचं बँड हाय आपलं," एवढंच बोलले. आमच्या भागातल्या स्टुडिओवाल्यांनी ती चाल श्रद्धांजलीच्या व्हिडिओंना लावायला सुरुवात केली होती, हे तेव्हा आमच्या कानावर होतं. पण जगभर ती कशाकशाला लागते, तशी इथं मयताला लागते, एवढाच आम्ही त्याचा अर्थ घेतला.

आणि मग श्वेताताईंचा फोन आला. पोरगी मूळची चिखलीकडची, पुण्याला कंपनीत नोकरीला. लग्न मेहकर तालुक्यात, मुलाच्या गावी.

"दादा, मी मांडवात येताना तीच वाजवायची. पुण्यात माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या लग्नात नवरी याच्यावरच येते. पण तिथं स्पीकरवर लावतात. मला माणसांनी वाजवलेली पाहिजे."

"ताई, बँडवर ती बसंल का न्हाई, मला शंका हाय."

"बसवा ना. मला या चालीनं खूप सांभाळलंय दादा. आणि सासरी कुणाला सांगू नका हं. यांनाही नाही. सगळ्यांना एकदमच कळू दे."

फर्माईश कुणाची हे दुसऱ्याला सांगायचं नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. मी शब्द दिला. पुढच्या आठवड्यात नवरदेवाचे काका, श्रीरंग काका, रीतसर सुपारी द्यायला मलकापूरला आले. सुपारी म्हणजे आमच्यात बुकिंग. "पोरीचा हट्ट हाय, बँड हेच पाह्यजे. आमच्याकडं काय बँड नाई काय? पण असो," म्हणाले. साधा फोन वापरणारा माणूस, आमचा व्हिडिओ त्यांनी पाहिलेला नव्हता.

ती चाल बसवताना आमची जी दमछाक झाली ती मी विसरणार नाही. तिला ठेका नाही. सलीमला काही कामच नव्हतं, तो काड्या मांडीवर ठेवून बसायचा आणि युफोनियमवाल्याला चिडवायचा, "लंबा सूर लाव, लंबा. म्हैस हंबरून राह्यली असं नोको." ट्रम्पेट हळू वाजवणं म्हणजे धावत्या बैलाला मांजरीसारखं चालवणं. आणि सगळ्यात अवघड तो मधला थांबा. आमचा जन्म गेला न थांबण्यात. कुणी ना कुणी त्या जागी फुंकायचंच. मास्तर छडी हवेत धरून डोळे वटारायचे. एके दिवशी ते जमलं. सगळे एकदम गप्प झाले, शेडमध्ये पारव्यांचे पंख ऐकू आले, आणि सगळे एकदम पुन्हा निघालो. संपल्यावर मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

लग्नाच्या दिवशी सकाळीच निघालो. मोताळा, घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर. गाडीत मी मांडीवर बोटांनी तीच चाल घोटत होतो.

दुपारी जेवणं झाली. आम्ही घराच्या मागच्या बाजूला लिंबाखाली बसलो होतो. गोरज मुहूर्ताला अवकाश होता. मी क्लॅरनेटच्या तोंडाची वेताची पत्ती ओली केली आणि वाद्य जागेवर आहे का बघायला त्या चालीचे पहिले सूर हळूच घेतले. जेमतेम एक ओळ.

अंगणात परात पडल्याचा आवाज झाला. मग बायकांचा गलका. "माय वो! पाणी आणा, पाणी!" "कांदा फोडा बे कोणी!"

भिंतीवरून बघितलं तर एक बाई जमिनीवर आडवी, दात घट्ट मिटलेले, हाताच्या मुठी वळलेल्या. बायका तिच्या नाकाशी कांदा धरत होत्या. तेवढ्यात श्रीरंग काका धावत आले आणि त्यांनी माझ्या कोटाची कॉलरच धरली.

"कोण वाजवलं बे ते? तू वाजवलं?"

"काका, मी नुसतं..."

"बंद कर ते! पेटीत टाक आधी!"

सलीम उठला. मास्तरांनी त्याला हातानंच बसवलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं तरी काय भाऊ?"

काकांचा श्वास जाग्यावर यायला वेळ लागला. "ते माही वहिनी हाय. गिरजावहिनी. नवरदेवाची माय. मोठा पोरगा होता तिचा, गोपाल. मागच्या पोळ्याच्या तोंडावर ट्रॅक्टर उलटला त्याच्यावर. स्टुडिओवाल्यानं फोटोचा व्हिडिओ केला, मांगं हेच वाजे. तेरवीपावतर गावातल्या हरेक मोबाईलमंदी हेच. तवापासून हे कानावर पडलं का तिले दातखिळी बसते. आमच्या गल्लीत लेकरंबी नाई लावत हे." मग माझ्याकडं वळून, जरा खाली आलेल्या आवाजात, "तुले ठाऊक नसन. पण अज पुन्हा नोको वाजवू बाबा. वर्षभरानं तिनं हिरवं लुगडं घातलं हाय."

मी मान हलवली. काका गेले. अंगणात गिरजाबाई उठून बसल्या होत्या, कुणाच्या तरी मोबाईलवर वाजलं असेल असंच सगळे समजत होते. त्या पोरांना रागावत होत्या आणि पदरानं तोंड पुसत होत्या.

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "नवरीनं सांगितलं हाय असं बोलला काय त्याले?"

"न्हाई मास्तर."

"बरं केलं. बोलला असता तर त्या पोरीले जन्मभर ऐकावं लागलं असतं. घरात पाय टाकायच्या आधी सासूले पाडलं म्हनून."

सलीम म्हणाला, "यात काय अवघड हाय? दुसरं काहीबी वाजवू. नवरीले वाटन, विसरले."

"अन् तिनं मांडवातच विचारलं मंग? माही चाल काऊन नाई वाजवली म्हनून? चार लोकांत? तथीच फुटन सारं." मास्तर माझ्याकडं बघत होते. "तिले आधी कळलं पाह्यजे. अन् तिच्याशिवाय कोनालेच नाई. तू जा. तुह्यासंगच बोलते ती."

मी खरं सांगतो, मला वाटलं पेटी उचलावी आणि रस्त्याला लागावं. परक्या गावात, नवरीच्या खोलीकडं एक बँडवाला जातोय, हे कुणी पाहिलं तर आधी मार बसतो, मग विचारपूस होते. मी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. कुणी उचललाच नाही. तिकडं मारुतीच्या देवळाकडं नवरदेवाला न्यायची गडबड सुरू झाली होती, घोडा आला होता. नवरदेव निघाला की बँड निघणार, आणि क्लॅरनेट नसेल तर पहिल्या वळणावरच लोक विचारणार.

नवरीकडच्यांचा उतारा गावातल्या शाळेत होता. मी क्लॅरनेट हातात धरूनच गेलो, काहीतरी कारण दिसावं म्हणून. वर्गाच्या दारात जरीचं पातळ नेसलेली एक बाई आडवी उभी होती, नवरीची मामी.

"काय पाह्यजे?"

"ताईंना जरा विचारायचं होतं. एन्ट्रीचं."

"आता कायची एन्ट्री? शालू नेसून राह्यली ते. तुमी बँडवाले अथपावतर आलेच कसे?"

"मामी, फक्त एक निरोप..."

"निरोप मले सांगा."

मामीला सांगणं म्हणजे मांडवात माईकवर सांगणं. ती म्हणाली, "वाढवून मांगाचं असन. हे बँडवाले असेच असतात. ऐन वेळेवर अडून बसतात." आतल्या दोघीतिघी हसल्या. माझे कान तापले. मी माघारी वळलो, आणि वळता वळता दुसरं काही सुचेना म्हणून मोठ्यानं म्हणालो, "ताईंना सांगा, शेडवाल्याला त्यांच्याशी बोलायचंय."

मी शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आलो असेन. मागच्या खिडकीतून हाक आली, "दादा."

खिडकीला गज होते. आत श्वेताताई, अर्धा नेसलेला शालू, कपाळावर मुंडावळ्या, दोन्ही हातांवर मेंदी. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो. "काय झालं? तुम्ही वाजवणार ना?"

मारुतीकडून ढोल ऐकू आला. मास्तरांनी माझ्याविना सुरुवात केली होती.

"ताई, ती चाल... तुमच्या घरात एका माणसाच्या मागं वाजलेली हाय. गोपालदादांच्या व्हिडिओला तीच होती. तुमच्या सासूबाईंनी ती ऐकली की त्या पडतात. मगाशी मी नुसती एक ओळ घेतली आणि त्या पडल्या."

त्यांनी गज धरले. मेंदीचे हात होते, गज गंजलेले, पण त्यांना भान नव्हतं. "पडल्या म्हणजे? आत्ता कशा आहेत?"

"बऱ्या हायेत. उठल्या."

"माझ्यामुळे..."

"कुणाला कळलेलं न्हाई ते. आणि आमच्या तोंडून कळणार न्हाई. मास्तरांनी सांगितलंय."

त्या रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. पुण्याचं बोलणं गळून पडलं आणि त्या आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाल्या, "मले कोणीच काऊन नाई सांगितलं वो? मी यांना सारखी विचारत होते, भाऊजी कसे होते, काय आवडायचं त्यांना. हे एवढंच नाई सांगितलं."

ढोल जवळ येत होता. मी म्हणालो, "ताई, मग दुसरी कुठली वाजवू? सांगा, जी म्हणाल ती."

"कोणतीच नको."

"अहो, मुक्यानं न्हाई येत नवरी. लोक नावं ठेवतील."

"तुम्हाला ठेवतील ना?"

"व्हय."

"चालेल तुम्हाला?"

मी मान हलवली.

"मग फक्त कमानीपासून बोहल्यापर्यंत थांबा. मी मनात ऐकते. माझी पाठ आहे ती," त्या म्हणाल्या. आतून मामीचा आवाज आला, "कोनासंग बोलून राह्यली वो?" आणि खिडकी लागली.

मी धावत सुटलो. नवरदेव घोड्यावर बसून वेशीपर्यंत आला होता. मी ओळीत घुसलो, मास्तरांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना वाद्यं विहिरीत टाकायला सांगितलं होतं.

"बिलकुल काहीच नाई?"

"काहीच न्हाई म्हणाल्या."

वरातीत नाचणारी पोरं अंगावर येत होती, नागीण मागत होती, आम्ही नागीण वाजवली. एक पोरगा जमिनीवर लोळत फणा काढत होता. मी फुंकत होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं. आपण मांडवात चुकून तर वाजवणार नाही ना? बोटांना सवय लागलेली असते. चार महिने जी चाल घोटली ती बोटं आपल्या मनानं धरतात. आणि फुंकली नाही तरी काय होईल? मुक्या नवरीचा अपशकुन कुणाच्या माथी बसेल? शेवटी तो त्या पोरीच्याच माथी बसला तर?

मांडवात पोचलो. नवरदेव बोहल्यावर उभा राहिला. गिरजाबाई हिरव्या लुगड्यात पुढच्या रांगेत, श्रीरंग काका त्यांच्या मागं, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. भटजी म्हणाले, "नवरीला आणा."

कमानीत श्वेताताई आल्या. सगळ्या माना वळल्या, आधी तिकडं, मग आमच्याकडं. मास्तरांनी छडी काखेत धरली आणि हात खाली सोडले.

जनरेटरचा आवाज येत होता. बस, तेवढाच.

"हो, वाजवा की!" कुणीतरी म्हणालं.

"बँड झोपलं काय बे?"

"जेवण जास्त झालं यायले!"

सलीम काड्या धरून खाली बघत होता. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर न देता शिवी घेताना पाहिलं. आणि श्वेताताई चालायला लागल्या. हळू. मला आधी वाटलं, घाबरल्या म्हणून हळू चालतायत. मग माझ्या लक्षात आलं. मी न फुंकता नुसती बोटं हलवत होतो, आणि त्यांचं पाऊल माझ्या बोटांबरोबर पडत होतं. युफोनियमवाल्याच्या बोटांकडं बघितलं, तीही हलत होती. ट्रम्पेटवाल्याचीही. आख्खा बँड मुक्यानं वाजवत होता.

मांडवाच्या मध्यावर त्या थांबल्या. मामी मागून ढकलायला लागली, "चाल ना वो, काऊन थांबली?" त्या हलल्या नाहीत. जिथं थांबायचं तिथंच त्या थांबल्या होत्या. मग त्या पुन्हा निघाल्या.

पण लोकांना यातलं काय दिसणार? त्यांना फक्त मुकी नवरी दिसत होती. मागून आवाज वाढत चालला. श्रीरंग काकांचा चेहरा लाल झाला. ते आमच्याकडं यायला निघाले, आणि त्यांच्या आधी गिरजाबाई उठल्या. पदर खोचून सरळ मास्तरांपुढं येऊन उभ्या राहिल्या. वाटलं, संपलं. सगळं कळलं यांना.

"काय वो मास्तर!" त्यांचा आवाज अख्ख्या मांडवात गेला. "माह्या सुनेले मुक्यानं आणता? मयत निघालं हाय काय अथून? एक पोरगं गेलं माहं, दुसऱ्याच्या लग्नात तोंडं शिवून बसले तुमी! वाजवा!"

चारशे लग्नं वाजवलेला आमचा म्हातारा. बाहेर कुणी बँडला एक शब्द बोललं तर त्याच्या सात पिढ्या काढणारा. तो हात जोडून म्हणाला, "चुकलं, माय."

"चुकलं तर वाजवा आता!"

त्या तशाच वळल्या, नवरीजवळ गेल्या, तिचा मेंदीचा हात आपल्या हातात धरला आणि उरलेली वाट तिला स्वतः घेऊन चालायला लागल्या. मास्तरांनी छडी उचलली. सलीमनं जीव खाऊन ड्रमवर थाप दिली. मी क्लॅरनेट तोंडाला लावून सगळा दम घालून फुंकली.

एवढा वेळ न वाजवल्यानं पत्ती सुकून गेली होती. सुकलेली पत्ती सूर देत नाही, किंचाळते. डुकराचं पिल्लू कुंपणात अडकावं तसला आवाज निघाला. पुढच्या रांगेतलं तान्हं दचकून रडायला लागलं. मांडव हसला, भटजी हसले, नवरदेवानं तोंडावर रुमाल धरला, आणि श्वेताताई मान खाली घालून इतक्या हसायला लागल्या की मुंडावळ्या हलायला लागल्या.

गिरजाबाईंनी सुनेचा हात न सोडता मागं वळून बघितलं. त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

"असं वाजवता व्हय?" त्या म्हणाल्या. "याच्याहून मुकेच बरे होते बे तुमी!"